टेरी टॉवेलची कुंची: टॉवेल चाटी गल्लीतून घेतला, कुंची शिवून सात महिने वापरली

बाळ मार्चमध्ये झालं आणि आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे तर माहितीच आहे, पारा चाळीशीच्या वर. त्यात ऑनलाइन मागवलेला तो अस्वलाच्या कानांचा हूडवाला टॉवेल, दिसायला फार गोड होता पण पॉलिस्टर निघाला, पाणी टिपायचाच नाही, नुसतं अंगावर पसरवायचा, मानेच्या वळ्यांत ओल राहून बाळाची मान लाल व्हायला लागली. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, ताई, एवढे टॉवेल आपल्याच गावात बनतात, चाटी गल्लीत जाऊन बघा की.

मधल्या मारुतीकडून चालतच जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. दुकानातल्या काकांनी टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून दाखवला, बघता बघता आत गेला. शुद्ध कॉटन, दोन्ही बाजूंनी धाग्याचे लूप. सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण म्हणून डोळे झाकून घेऊ नका, बाजारात मिक्स धाग्याचे पण असतात, लेबल वाचा आणि थेंब टाकूनच बघा.

मी ३० बाय ६० इंची एकच टॉवेल घेतला, क्रीम रंगाचा. मधून कापला की दोन कुंच्यांसाठी दोन चौकोन होतात, त्यांना सोबत घेतलेल्या नॅपकिनची दोन टोपरी, आणि आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या ताईंनी कडेला आईच्या जुन्या सुती इरकलीचा काठ लावून दिला. बारशाला सगळ्या बायका हातात घेऊन बघत होत्या! सासूबाई म्हणाल्या कुंचीला नाडी पाहिजेच, पण मी नाही लावू दिली, गळ्याशी नाडी नको आणि मोती-बटण पण नको, बाळ सगळं तोंडात घालतं. त्यांनाही पटलं.

नव्या टॉवेलला खळ असते, त्यामुळे पहिल्यांदा जरा कडक लागतो. दोन-तीन धुण्यांनंतर खरा मऊ झाला. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने मऊ वाटतो पण पाणी टिपणं कमी होतं. गडद रंग घ्यायचाच असेल तर आधी वेगळा भिजवून बघा, नणंदेच्या मरून टॉवेलने पाणी लाल केलं होतं.

आता जे आवडलं नाही ते. लूप अडकतात. बाळाच्या पायात चांदीचे वाळे आहेत त्यात दोनदा धागा अडकला, बोटाभोवती गुंडाळला असता तर काय याची मला फार भीती वाटली, म्हणून आता अंघोळीआधी वाळे काढतेच आणि निघालेला लूप ओढत नाही, कात्रीने कापते. दुसरं म्हणजे पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळे रोज धुणं जमत नाही. म्हणून लय जाड टॉवेल घेऊ नका, मध्यम जाडीचाच घ्या आणि कुंच्या दोन ठेवा, एक वापरात एक दोरीवर.

आणि एक, अंघोळीनंतर बाळ त्यातच झोपलं तरी कुंची काढून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, वर्षाच्या आत पाळण्यात सुटं कापड, उशी काही नको, मोहरीची उशी पण नाही, बाळ पाठीवरच झोपवायचं.

टॉवेल, नॅपकिन आणि शिलाई धरून मला चारशेच्या आत पडलं, दोन कुंच्या झाल्या आणि सात महिन्यांत रंग, वीण दोन्ही जसंच्या तसं. जाऊबाईंची तारीख जानेवारीत आहे, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीआधीच जाऊन त्यांच्या बाळंतविड्यासाठी अजून एक टॉवेल आणणार आहे, काठ मात्र हिरव्या इरकलीचा.