ऑडिओबुक, ई-रीडर आणि छापील पुस्तक : काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर ई-रीडर (पडद्यावर पुस्तकं वाचायचं उपकरण) घेतला आणि एका ऑडिओबुक ॲपची वर्गणीही भरली. आता थंडी पडली आहे, दोन्ही रोज वापरात आहेत.

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये एक हात कडीला, दुसरा बॅगेवर. तिथे छापील पुस्तक उघडणार कसं? इअरफोन लावले की कादंबरी पुढे सरकते. पण खरा आनंद मिळाला तो बोलीभाषेचा. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद पानावर मी अडखळत वाचायचे, कारण शब्द छापता येतात, हेल छापता येत नाही. पुस्तक वाचून दाखवणारा त्याच मुलखातला असला की पात्रं अक्षरशः घरात येऊन बोलतात. ओढूनताणून केलेली बोली मात्र दोन मिनिटंही ऐकवत नाही. त्यामुळे नमुना ऐकल्याशिवाय पुस्तक निवडू नका. वेग वाढवायची सोय माहितीपर पुस्तकांना ठीक आहे. कथेला लावली की वाचणाऱ्याने घेतलेला श्वासच नाहीसा होतो.

इतिहासाची पुस्तकं ऐकून मला जमली नाहीत. वंशावळ, नकाशा, एकाच नावाची तीन माणसं. दर वेळी पंधरा सेकंद मागे जाऊन काय सापडणार? अशा पुस्तकांना कागदच हवा. कवितेलाही.

ई-रीडर सर्वात जास्त आई वापरते. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, 2016 च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळतात. अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. ई-इंकचा, म्हणजे कागदावरच्या शाईसारखा दिसणारा, पडदा गॅलरीतल्या उन्हातही स्वच्छ दिसतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचं मात्र तसं नाही. तिथे पान म्हणजे फोटो. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि आई कंटाळून ते बाजूला ठेवते. काही ई-पुस्तकांत जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नेताना रफार भलत्याच अक्षरावर बसलेला दिसतो. पैसे घेऊन विकलेल्या पुस्तकाचं मुद्रितशोधन व्हायलाच हवं, यात मला तडजोड मान्य नाही.

वर्गणी थांबली की ऐकलेलं पुस्तक पुन्हा उघडत नाही, शेजारच्या काकूंना वाचायलाही देता येत नाही. म्हणून ऐकून फार आवडलेली कादंबरी मी नंतर छापील विकत घेते. वर्गणी पुढच्या वर्षीही चालू ठेवणार आहे.