आधी ऑर्लॉक की आधी ड्रॅक्युला?

जुना कृष्णधवल व्हॅम्पायरपट पुन्हा बघायचा म्हटलं की दोन नावं पुढे येतात: मुर्नाऊचा जर्मन मूकपट 'नोस्फेरातू' (१९२२) आणि टॉड ब्राउनिंगचा अमेरिकन बोलपट 'ड्रॅक्युला' (१९३१). गोष्ट दोन्हीकडे ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीचीच. जर्मन मंडळींनी ती हक्क न घेता उचलली, पात्रांची नावं बदलली; ड्रॅक्युलाचा ऑर्लॉक झाला. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, हे आपलं नशीब.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर मी 'नोस्फेरातू' सांगेन. पण प्रत पारखून घ्या. यातले रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित केलेले आहेत आणि रात्र कळावी म्हणून फिल्मला निळी छटा दिलेली होती. ती छटा नसलेली प्रत लावलीत, तर ऑर्लॉक भर दुपारी शवपेटी काखेत घेऊन गावातून चाललेला दिसतो. शेवटी तो सूर्यप्रकाशानेच मरतो, म्हणजे गोष्टीचा कणाच मोडला! (उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पनाही इथलीच, स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो.) रंगछटा असलेली, जीर्णोद्धार केलेली प्रत दीड तासाच्या आसपास आहे. मॅक्स श्रेकचा ऑर्लॉक टकला, टोकदार कानांचा, उंदरासारख्या पुढच्या दातांचा. तो उंदरांसोबत जहाजातून येतो आणि गावात प्लेग पसरतो. जिन्यावरून चढणारी त्याची सावली आजही अंगावर काटा आणते.

'ड्रॅक्युला' सव्वा तासाचा. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी सुळे एकदाही दाखवत नाही. अदबीने वाकतो, शब्द सावकाश उच्चारतो, आणि तेवढ्याने पुरतं. गढीतली सुरुवातीची वीस मिनिटं अप्रतिम आहेत. कॅमेरा कार्ल फ्रॉइंडचा, ज्याने आधी मुर्नाऊबरोबर काम केलं होतं. पण हा चित्रपट कादंबरीवर बेतलेल्या नाटकावरून केलेला, आणि लंडनला पोचल्यावर ते मूळचं नाटक उघडं पडतं. हिरवळीवरून पळणारं जनावर दिसत नाही, खिडकीतला माणूस त्याचं वर्णन करतो. त्याच सेटवर रात्री चित्रित झालेल्या स्पॅनिश आवृत्तीत कॅमेरा जास्त मोकळा फिरतो, पण तिथे लुगोसी नाही.

मूकपट कंटाळवाणा होईल म्हणून बोलपट निवडणार असाल, तर एक सांगतो. 'नोस्फेरातू' संगीतासह दाखवण्यासाठीच केला होता, हान्स एर्डमानने त्याला खास संगीत दिलं होतं. शांतता आहे ती बोलपटात. नामावलीवर चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक' बॅलेची धून वाजते, मग पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पायऱ्या, करकरणारं दार, जहाजाच्या तळातलं रेनफिल्डचं, ड्रॅक्युलाच्या वेड्या सेवकाचं, ते हसणं. ही शांतता खायला उठते, आणि मला तीच या चित्रपटाची खरी ताकद वाटते. संगीतकार फिलिप ग्लासचं नंतर जोडलेलं संगीत सुंदर आहे, पण पहिल्या खेपेला तो ट्रॅक लावू नका.