शटडाऊनचे दहा दिवस आणि खिडकीतला हवामापक

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम तीन महिने थांबलो. हवा मोजायचा डबा घरात आला की पहिले आठ दिवस माणूस दर दहा मिनिटांनी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि त्या भरात लिहिलेल्या कौतुकाला काही अर्थ नसतो. शिवाय मला कारखान्याच्या वार्षिक शटडाऊनची, म्हणजे देखभालीसाठी काही दिवस काम बंद ठेवतात त्याची, वाट बघायची होती. मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. दिवसभर प्रेशर ट्रान्समीटर आणि थर्मोकपल (दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं) तपासायचे, हेच काम. त्यामुळे आकडा दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्यायची खोड लागलीय.

डबा तळहाताएवढा. पुढे स्क्रीन, मागे हवा ओढणारी फट, आत नखाएवढा पंखा. पीएम २.५ (हवेतली अगदी बारीक धूळ), कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता आणि व्हीओसी (हवेत उडून जाणारी रसायनं) एवढं दाखवतो. बॅटरी नावापुरती आहे, तीन-चार तासांत मान टाकते, म्हणून केबल लावूनच ठेवावा लागतो. केबल हातभरसुद्धा नाही. व्हीओसीच्या आकड्याकडे मी बघणं सोडलंय, कारण फरशी फिनाईलने पुसली तरी तो घाबरतो आणि कशाला घाबरला ते सांगत नाही.

धुळीचा भाग मात्र बरा आहे. आत एक लेझर असतो. पंख्याने ओढलेला कण त्या किरणातून गेला की उजेड विखुरतो, बाजूचा फोटोडायोड ती चमक टिपतो, आणि चमकांवरून यंत्र वजनाचा अंदाज बांधतं. अंदाजच; तोलत काहीच नाही. मोठ्या मोजणी केंद्रांवर हवा आत घेताना तापवून कोरडी करतात, मग फिल्टरच्या पट्टीवर बसलेली धूळ बीटा किरण किती अडवते त्यावरून वजन काढतात. एवढ्याशा डब्याकडून ती अपेक्षा नाही. पण मग खोक्यावर ‘प्रयोगशाळेइतका अचूक’ असं छापायचं कशाला?

तर शटडाऊन. आमच्या पट्ट्यातले बहुतेक कारखाने एकाच सुमारास बंद ठेवतात, यंदा त्याला लागून सुट्ट्या आल्या. दहा दिवस ट्रक नाहीत, शिफ्टच्या बस नाहीत, भोंगा नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, आता तुझा डबा शून्य दाखवणार बघ.” वरवर मी हसलो, पण मलाही तसंच वाटत होतं.

आधीच्या आठवड्यात सकाळी सातला साठ-सत्तरच्या घरात असणारा पीएम २.५चा आकडा पहिल्या दोन दिवसांत पंचविसावर आला. पंचवीस म्हणजे स्वच्छ नव्हेच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे. पण फरक डोळ्यांना दिसत होता, पाण्याच्या टाकीमागची टेकडी दिसायला लागली होती. मुलीने स्क्रीनचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. आदल्या रात्रीपासून चांगला वारा सुटला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी वारा पडला. पहाटे धुकं, रस्ता रिकामा, धुराडी थंड, आणि डबा लालभडक. नव्वदच्या वर. घरात एकमताने ठराव झाला की डबा बिघडला.

मी तो बाथरूमच्या दाराशी धरला आणि आत गरम पाण्याचा नळ सोडला. वाफ बाहेर यायला लागली तसा आकडा बघता बघता दीडशेपार गेला. म्हणजे पाण्याचे थेंबही तो धूळ म्हणून मोजतो. हवेतले कणही दमटपणात पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला जाडजूड दिसतात. म्हणून आर्द्रता ऐंशीच्या वर असली की पीएमचा आकडा मी वहीत कंसात लिहितो. डब्याला आर्द्रता कळते, तरी ती हिशेबात धरून आकडा दुरुस्त करत नाही, आणि ही सगळ्यात मोठी उणीव.

मात्र सगळा दोष वाफेचा नव्हता. अकराला धुकं गेलं, आर्द्रता पन्नाशीवर आली, तरी आकडा साठच्या खाली उतरेना. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो, आणि जे काही थोडंफार निघतं ते त्या झाकणाखाली साठत राहतं. आणि निघतच असतं. बाहेरच्या लोकांना वाटतं शटडाऊन म्हणजे मेन स्विच ओढला. कोक ओव्हनची बॅटरी, म्हणजे कोळशापासून कोक करणाऱ्या भट्ट्यांची रांग, थंड होऊ दिली तर आतल्या सिलिका विटा तडकतात, म्हणून ती तापतीच ठेवतात. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. शिवाय थंडीत घरोघरी काहीतरी जळतच असतं.

हेच मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये झालं होतं. २३ जानेवारी २०२० रोजी वुहान बंद झालं, मागोमाग इतर शहरं. उपग्रहांना नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरलेला दिसला. तरी फेब्रुवारीत बीजिंगवर दाट धुरकं येऊन बसलं. वारा नाही, हवा दमट, आणि वायूंपासून हवेतच नवे कण तयार होत होते.

या वायूंच्या बाबतीत डबा ठार आंधळा आहे. गाड्या थांबल्या की सगळ्यात आधी घटतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो यात मोजलाच जात नाही. ओझोनही नाही. गंमत अशी की गाड्या कमी झाल्या की शहरातला ओझोन बऱ्याचदा वाढतो, कारण धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खात असतो आणि खाणाराच गेलेला असतो. २०२० मध्ये कित्येक शहरांत तसं झालं. दुपारी ऊन कडक असताना डबा हिरवा दिसला म्हणून दम्याच्या माणसाने बिनधास्त पळायला जाऊ नये.

कार्बन डायऑक्साइडचा किस्सा वेगळाच. सुट्टीत सगळे घरात आणि खिडक्या बंद, म्हणून पाचव्या दिवशी मी डबा बेडरूममध्ये आणला. आठवड्याने परत खिडकीत ठेवला तर ३२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३२०). आमच्या ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं की शटडाऊनने वातावरण सुधारलं. अरे, जगात कुठेही मोकळ्या हवेत आता ४२०च्या आसपास किंवा वरच असतं! २०२०च्या एप्रिलमध्ये जगाचं रोजचं उत्सर्जन सुमारे १७ टक्क्यांनी उतरलं होतं, तरी हवेतलं प्रमाण त्या वर्षीही चढलंच. झालं असं की हा सेन्सर गेल्या काही दिवसांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, ४००, असं गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतो. बेडरूमचा कमीत कमी आकडाच पाचशे होता. शंभरची चूक त्याने आपणहून केली. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. गच्चीत नेऊन हाताने कॅलिब्रेट केला, मग ठीक.

अकराव्या दिवशी युनिट चालू करताना फ्लेअर, म्हणजे जास्तीचा वायू जाळायचं धुराडं, रात्रभर पेटलेला होता. आकड्याने अख्ख्या तीन महिन्यांतला उच्चांक गाठला, तोही कोरड्या हवेत. हे मात्र डब्याने चोख पकडलं, मिनिटामिनिटाला.

मग शटडाऊनने हवा सुधारते की नाही? दहा दिवस आणि एक डबा यावर मी उत्तर देणार नाही. अमेरिकेत यूटा खोऱ्यातला पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असा तेरा महिने बंद होता. आर्डेन पोप या संशोधकाने तिथे हिवाळ्याची तुलना हिवाळ्याशी केली आणि श्वसनाच्या आजारांनी इस्पितळात दाखल झालेल्या मुलांची संख्या मोजली. कारखाना बंद असतानाच्या हिवाळ्यात ती लक्षणीय कमी होती. तुलना अशी करायची असते. माझ्याकडे फक्त वाऱ्याच्या दोन सकाळी आणि धुक्याची एक पहाट आहे.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना: ॲपमध्ये रंगाच्या पट्टीऐवजी मायक्रोग्रॅम निवडा. रंग देशागणिक बदलतात. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएम २.५साठी ‘चांगली’ची हद्द १२ वरून ९ वर आणली, म्हणजे काल हिरवी असलेली हवा आज त्याच आकड्याला पिवळी. आणि दर महिन्याला मागच्या फटीत रबरी फुग्याने हवा मारा. माझ्या पंख्यावर फ्लेअरनंतर काळी साय बसली होती.

सध्या तो स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. कढईतलं तेल धुरावलं की मिनिटाभरात ओरडतो, खिडकी उघडली की किती वेळात उतरला ते दाखवतो. या कामात त्याचा हात कुणी धरणार नाही. पाचपैकी साडेतीन. एक तारा खोक्यावरच्या त्या वाक्याचा कापला, अर्धा केबलचा.