जांभळी नाक्यावरचं सुट्या धान्याचं दुकान : चार स्टार

माल चोख, काटा चोख, मालकांचं बोलणं जरा तिरसट. पण ठाण्याच्या बाजारपेठेत अजून धान्य उघड्या पोत्यांत मिळतं आणि हात घालून बघितलं तर कोणी हटकत नाही, याचंच मला अप्रूप. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. वर्गासाठी सगळी धान्यं मूठ-मूठभर लागतात. शंभर ग्रॅम सुटं मागितलं तर इथे कपाळावर आठी पडत नाही.

डावीकडे कोलम, इंद्रायणी, आंबेमोहर. मग मालदांडी ज्वारी, मका, बाजरी, नाचणी, राळे, जव आणि शेवटी गहू. सगळी एकाच कुळातली, गवताच्या. पण दाणा बघून आत डीएनए किती भरलाय याचा काही पत्ता लागत नाही. तांदळाचा जीनोम, म्हणजे डीएनएचा एक अख्खा संच, सुमारे ४० कोटी बेस जोड्यांचा (बेस जोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी), ज्वारीचा ७३ कोटी, मक्याचा २३० कोटी, जवाचा ५०० कोटींच्या घरात आणि गव्हाचा तब्बल १६०० कोटी. आपला माणसांचा ३१० कोटी. म्हणजे रोजची पोळी या बाबतीत आपल्याला पाचपट भारी. तांदळाचा जीनोम २००५ मध्ये नीट वाचून झाला, गव्हासाठी २०१८ उजाडावं लागलं, ते उगाच नाही.

ज्वारी आणि मका शेजारी-शेजारी ठेवलेत, हे मालकांनी माझ्यासाठीच केलंय असं मी धरून चालते. दोघांच्याही गुणसूत्रांच्या (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या) १० जोड्या, वाटा वेगळ्या होऊन साधारण सव्वा कोटी वर्षं झालेली. तरी मक्याचा जीनोम ज्वारीच्या तिप्पट! एक तर मक्याच्या पूर्वजात अख्खा संचच दुप्पट झाला; नंतर गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन आकडा परत १० जोड्यांवर आला आणि जादा झालेली बरीच जनुकं गळून गेली. पण खरी भर घातली ती उड्या मारणाऱ्या जनुकांनी. ही स्वतःच्या नकला काढतात आणि दुसरीकडे जाऊन चिकटतात. मक्याच्या जीनोमचा ८० टक्क्यांहून जास्त भाग असल्याच मालाने भरलाय. आनुवंशिकीच्या शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ही उडी पकडली तीही मक्याच्याच रंगीत ठिपक्यांच्या दाण्यांवरून. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. (इथे मका फक्त पिवळा मिळतो.) तांदळातही नकला शिरतात, पण तिथे छाटणीही जोरात चालते. जमा किती आणि खर्च किती, यावर जीनोमचं आकारमान ठरतं. झाड किती गुंतागुंतीचं आहे यावर नाही.

आता खपली गहू. इथली खपली खरी असते. दाणा लांबट, लालसर, दोन्ही टोकांना निमुळता, पाठीवर किंचित कुबड. शेजारचा लोकवन, म्हणजे नेहमीचा पोळीचा गहू, तळहातावर घेऊन बघा, तो भरलेला आणि गोलसर. खपलीत २८ गुणसूत्रं, लोकवनमध्ये ४२. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी लागवडीतल्या २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला, त्या गवताचा सगळा संच आत आला आणि आपला पोळीचा गहू तयार झाला. मालक मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, "खपली म्हणजे असली गहू, बाकी सगळं हायब्रीड." काका, खपलीसुद्धा मुळात दोन रानगवतांच्या संकरातूनच आली, असं मी सांगून पाहिलं. "मग काय, तांदूळच खायचा का मॅडम?" म्हणाले, आणि माझी पिशवी काट्यावर ठेवली.

एक स्टार कापला तो नाचणीतल्या खड्यांसाठी. त्या भावात नाचणी निवडलेली हवी. भावाच्या पाट्याही नाहीत, प्रत्येक वेळी विचारावं लागतं. जव सोललेले असतात. मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी मी ते रुजत घातले, एकालाही कोंब फुटला नाही. सालासकट जव हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणून देतात.

संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका. तलावपाळीला उतरून चालत या, सुटे पैसे जवळ ठेवा.