पद्मिनीतलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून

"वायर जोडलीय, म्हणजे वॉरंटी गेली." बिघडलेलं किट बदलून मागितलं, त्यावर विक्रेत्याचं हे उत्तर आलं आणि लिहायला बसलो. अहो, वायर आखूड तुम्हीच दिलीत! डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) निघणारी लाल-काळी वायरची जोडी माझ्या कॉइलच्या (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) चार बोटं अलीकडे संपते. जोडणार नाही तर काय करणार? पद्मिनीचं किट म्हणून विकता, मग एकदा पद्मिनीचं बॉनेट उघडून बघायला काय हरकत होती?

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. पत्राकाम, रंग, सीट कव्हर सगळं उरकलं, तरी १०८९ सीसीचं इंजिन सिग्नलला थरथरायचं. डिस्ट्रिब्युटरचं बुश झिजलं की शाफ्ट डुलतो आणि पॉइंटची, म्हणजे स्पार्कसाठी वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या टोकांची, गॅप फेऱ्याफेऱ्याला बदलते. शिवाय कॅमवर घासणारी टाच झिजत जाते, गॅप मिटत येते आणि स्पार्कचं टायमिंग मागे पडतं. पॉइंटच्या जागी बसणाऱ्या या किटमध्ये घासणारं काहीच नाही. रोटरखाली चुंबकाची कडी, बाजूला सेन्सर. ते बसवल्यापासून आयडलिंग इतकं शांत झालं की इंजिन बंद पडलं असं समजून मी चालू गाडीला पुन्हा स्टार्टर मारला. पावसाळ्यातही सकाळी पहिल्या किल्लीला सुरू. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग उन्हाळा आला. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला निघालो आणि भर सिग्नलला गाडी गपकन बंद. पेट्रोल येत होतं, स्पार्क नव्हता. बराच वेळ बॉनेट उघडं ठेवल्यावर, किटचं मॉड्यूल, म्हणजे ती काळी डबी, गार झाली तसं इंजिन निमूट सुरू. पुढच्या तापण्याला पुन्हा तेच. पॉइंट काळा पडला तर पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून घरी जाता येतं. या काळ्या डबीला रस्त्यात काय करणार, फुंकर मारणार?

प्रदर्शनात मात्र मन रमलं. रुंद टायर घातलेली, जमिनीला टेकायला आलेली एक नारिंगी पद्मिनी होती. पोरांची सगळी गर्दी तिच्याभोवती. गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२पुढे तिचं काय होईल ते मालक जाणे, पण दिसत होती झकास. माझ्या बॉनेटमध्ये डोकावून एक काका मात्र म्हणाले, "हे ओरिजिनल नाही." मी म्हटलं, काका, व्हिंटेज गाडीच्या 'व्हीए' नंबरला पन्नास वर्षं व्हावी लागतात, तोवर चालू द्या! शेजारच्या अँबेसेडरवाल्यांनी डिकीतून पिशवी काढून दाखवली : पॉइंट-कंडेन्सरसकट अख्खी जुनी प्लेट, गॅप आधीच लावलेली. किट गेलं की ही बसवायची.

घरी येऊन पॉइंटवर परत गेलो, रागानेच. पण एकदा सवय बिघडली की बिघडली. तीच थरथर, तीच चढावरची कुरकुर. शेवटी पदरचे पैसे घालून तेच किट पुन्हा घेतलं. त्या पैशांत पॉइंटचे कितीतरी जोड आले असते, हे बायकोला सांगितलेलं नाही. नव्या डबीची वायरही तेवढीच आखूड. एक इंच वाढवली नाही पठ्ठ्यांनी! या वेळी डबीची वायर न कापता कॉइलच खाली सरकवून बसवली, आता काढा म्हणावं खुसपट. तांब्याच्या प्लग वायर काढून सप्रेशनच्या (विद्युत गोंगाट दाबणाऱ्या) घातल्या, कारण त्या गोंगाटाने सेन्सर गोंधळतो. डबी तापू नये म्हणून इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवत नाही. जुनी प्लेट डिकीत.

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर पार्टची चिंता नव्हती. आता चांगला पॉइंट शोधायलाच हिंडावं लागतं, म्हणून हे किट घ्याच म्हणतो. चालण्याला चार तारे, सर्व्हिसला शून्य. फक्त ऑर्डर करण्याआधी डिस्ट्रिब्युटर ते कॉइल अंतर टेपने मोजा आणि विक्रेत्याकडून वायरची लांबी लेखी घ्या.