एम३४०आय, सी४३ की एस५: पेडलच्या पहिल्या दोन सेंटिमीटरांचा हिशेब

शून्य ते शंभर: ४.४ सेकंद, ४.६ सेकंद, ४.५ सेकंद. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, मर्सिडीज-एएमजी सी४३ आणि ऑडी एस५ सेडान, याच क्रमाने कंपन्यांनी दिलेले आकडे. एवढ्याशा फरकावरून गाडी निवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यावरून रात्र-रात्र वाद घालणारे मात्र पुष्कळ भेटलेत, आणि त्यातला एक माझ्याच घरात राहतो.

तिन्ही गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्हला मी मोकळा रस्ता शेवटी ठेवला. आधी मागितली ती गर्दी, मग स्पीड ब्रेकर, मग चढावर थांबून पुन्हा निघणं, आणि एखादं अरुंद वळणाचं तळघरातलं पार्किंग. एका विक्रेत्याचा चेहरा हे ऐकून पडलाच. त्याला लाँच कंट्रोल, म्हणजे थांबलेल्या गाडीला पूर्ण जोराने सुटायला लावणारी सोय, दाखवायची होती. पण साडेतीनशेच्या वर पीएस (अश्वशक्ती) असलेली कुठलीही गाडी तळापर्यंत दाबली की पळतेच. त्यात गाडीचं कौतुक कमी, पेट्रोलचं जास्त. अशी गाडी घेणारा माणूस वर्षातले बहुतेक तास चाळीस-पन्नासच्या वेगात काढतो. तिथे ती कशी वागते हे पेडलच्या पहिल्या दोन सेंटिमीटरांत कळतं.

माझं काम कारखान्यांतल्या पंप, कंप्रेसर आणि टर्बाइनची कंपनं मोजण्याचं. बेअरिंगवर सेन्सर ठेवायचा, आलेख बघायचा आणि यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते सांगायचं. त्यामुळे इंजिन सुरू झालं की माझं लक्ष आवाजाआधी स्टीअरिंगच्या कडेवर आणि सीटच्या पाठीवर जातं. नवरा याला व्यवसायजन्य विकार म्हणतो. असेल.

त्या विकाराच्या दृष्टीने एम३४०आयचं इंजिन म्हणजे सुख आहे. तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, एकच टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. बी५८ हे त्याचं घरचं नाव. २०१५ पासून ते बीएमडब्ल्यूच्या कितीतरी मॉडेलांत आहे, टोयोटाच्या सुप्रातही तेच बसवलंय. युरोपातल्या रूपात ३७४ पीएस आणि ५०० एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर). एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत पिस्टनचे वर-खाली होणारे धक्के एकमेकांना पुरते मारून टाकतात, पहिल्या क्रमाचे (क्रँकच्या एका फेऱ्याला एकदा येणारे) आणि दुसऱ्याही क्रमाचे (फेऱ्याला दोनदा येणारे). चार सिलिंडरांत दुसऱ्या क्रमाचा धक्का शिल्लक राहतो. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो, तेव्हा हा धक्का १०० हर्ट्झला येतो. बॅलन्स शाफ्ट, म्हणजे उलटा धक्का देणारा फिरता दांडा, लावून तो दाबता येतो, पण ती मलमपट्टी झाली. ऑडीचा व्ही६ ९० अंशांचा आहे, त्यालाही असा आधार लागतोच. बीएमडब्ल्यूला लागत नाही. थंड इंजिन सुरू केलं, स्टीअरिंगवर बोटं टेकवली, आणि बोटांना सांगण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. माझ्या कामात अशा आलेखाखाली आम्ही सही करतो आणि चहा प्यायला जातो.

मर्सिडीजने सी४३ मधून जुना व्ही६ काढला आणि दोन लिटरचं चार सिलिंडरचं एम१३९एल इंजिन घातलं, त्यावर लोक अजून चिडलेले आहेत. मी चिडायच्या तयारीनेच गेले होते, पण टर्बो बघून थोडी नरमले. टर्बाइन आणि कंप्रेसर यांच्या मधल्या शाफ्टवर त्यांनी एक चपटी विद्युत मोटर बसवलीय. जेमतेम चार सेंटिमीटर जाडीची, ४८ व्होल्टवर चालणारी. एक्झॉस्टचा झोत पुरेसा यायच्या आधीच ती टर्बोला फिरवते. कल्पना फॉर्म्युला वनमधून आलेली. इतक्या वेगाने फिरणाऱ्या, एका बाजूने लालबुंद तापणाऱ्या शाफ्टवर मोटर बसवून ती टिकवायची, ही कारागिरी माझ्या धंद्यातला माणूसच मनापासून वाखाणेल. शिवाय हे इंजिन एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने जोडतो आणि त्याच्या सहीची पट्टी वर लावतो.

४०८ पीएस, म्हणजे बीएमडब्ल्यूपेक्षा जास्त. मग गर्दीत तीच गाडी कमी तयार का वाटते? कागद नीट वाचला की उत्तर सापडतं. बीएमडब्ल्यूचे ५०० एनएम १९०० आरपीएमच्या आसपास हजर होतात आणि ५००० पर्यंत टिकतात. सी४३ चेही ५०० च आहेत, पण ते पुरते मिळतात ५००० ला, आणि पूर्ण ताकद ६७५० ला. म्हणजे तिला वर घेऊन जावं लागतं. वर गेली की ती खरोखर रागीट आणि मजेदार आहे. खाली मात्र प्रत्येक वेळी आधी गिअर बदलून घेते, मग निघते.

आणि इथेच तिन्ही गाड्यांतला खरा फरक आहे, जो माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेला असतो: थांबलेली गाडी हलवायची कशी. तिघांनी तीन वाटा धरल्यात. बीएमडब्ल्यूकडे झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक, जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर असलेला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेल आहे, आणि तेल चुका माफ करतं. सी४३ मध्ये नऊ गिअर, पण कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच. वजन कमी, प्रतिसाद झटपट, आणि गाड्यांच्या रांगेत पुढे सरकताना तो क्लच धरू की सोडू अशा विचारात पडतो. पाय अगदी अलगद ठेवला तरी सुरुवातीला एक छोटा धक्का बसतो. बिघाड नाही हा, रचनेची किंमत आहे. स्पोर्ट प्लस मोडमध्ये हाच क्लच असा कडक गिअर बदलतो की त्याचे सगळे अपराध विसरावेत.

ऑडीने सात गिअरचा डबल क्लच दिलाय, आणि रांगेत सगळ्यात वाईट तोच वागेल असं मी धरून चालले होते. पण एस५ मध्ये ४८ व्होल्टची एक मोटर थेट गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टवर बसवलेली आहे. १८ किलोवॉट, २३० एनएम. सरकायचं असतं तेव्हा ती हलकेच गाडी हलवते आणि क्लच मागून सावकाश कामाला येतो. तळघरातल्या वळणावर तर गाडी इंजिन बंद ठेवून काही फूट सरकली. सरकण्याच्या परीक्षेत पहिली एस५, तिच्या पाठोपाठ एम३४०आय, आणि बऱ्याच अंतराने सी४३. गंमत म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यात या मोटरचा उल्लेख फक्त मायलेजसाठी होता.

ब्रेकमध्ये मात्र हिशेब उलटतो. एस५ थांबताना आधी त्या मोटरकडून वीज साठवते, मग डिस्क धरते. दोघांची हातमिळवणी चांगली आहे, पण पायाला ती जाणवते: शेवटच्या दोन मीटरांत दाब तोच ठेवला तरी गाडी किंचित वेगळ्या तऱ्हेने थांबते. रोज चालवणाऱ्याला आठवड्यात सवय होईल. एम३४०आयमध्ये सवय करून घ्यायची गरजच पडली नाही. जितकं दाबलं तितकंच थांबली. सी४३ चा ब्रेक वरून जरा जास्त उत्सुक, पण वेगात तिन्हींत सर्वांत भरवशाचा वाटला.

आता वळणं. इथे ऑडीचं जुनं दुखणं अजून आहे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आणि पुढच्या चाकांच्याही पुढे. त्यात एस५ बाकी दोघींपेक्षा शंभरहून अधिक किलोंनी जड. घट्ट वळणात नाक आधी बाहेर जायला बघतं, मग मागचा स्पोर्ट डिफरेन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देऊन गाडीला आत ओढतो. ओल्या रस्त्यावर हे इतकं शांतपणे होतं की नवखा माणूस तिन्हींत सर्वांत वेगाने बहुधा हीच चालवेल. पण काम यंत्रणा करते आणि आपण बघत बसतो.

सी४३ ची मागची चाकंही वळतात, जास्तीत जास्त अडीच अंश. कमी वेगात पुढच्यांच्या उलट, जास्त वेगात त्यांच्याच दिशेने. पार्किंगमध्ये याचा फायदा ताबडतोब कळतो, ४.७९ मीटरची गाडी एखाद्या हॅचबॅकसारखी फिरते. वळणावर नाक फार चपळ वाटतं, काही वेळा नको तितकं. ताकद मागे ६९ टक्के, पुढे ३१, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती मस्त ढकलते. सस्पेन्शन मात्र कम्फर्ट मोडमध्येसुद्धा कडक. खराब डांबरावरचा प्रत्येक खडा मला मोजून दाखवला गेला, आणि मोजणं हा माझा सुट्टीच्या दिवसाचा छंद नाही.

एम३४०आयचं वजन दोन्ही एक्सलांवर जवळपास समान विभागलेलं आहे, आणि ती ४.७१ मीटर लांब, तिघींत सर्वांत आखूड. स्टीअरिंगची कड उगाच जाड आहे आणि रस्त्याची खबर तिच्यातून कमीच येते, हे आधी सांगून टाकते. पण वळवलं की चारही चाकं एकदम वळतात असं वाटतं. ब्रेक सोडता सोडता वळायचं, मग हळूच ताकद द्यायची, या तीन गोष्टींमध्ये कुठे सांधाच दिसत नाही. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर (रस्त्याप्रमाणे कडक-मऊ होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) होते, आणि स्पीड ब्रेकरवरून ती एकाच उसळीत स्थिर झाली. दुसरी उसळी नाही. हे मी आमच्या साइटवरच्या काही यंत्रांबद्दलही म्हणू शकत नाही.

या भांडणाला इतिहास आहे आणि तो थोडक्यात सांगायलाच हवा. १९८४ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या नव्या न्यूरबुर्गरिंग शर्यत-ट्रॅकच्या उद्घाटनाला मर्सिडीज १९० ई २.३-१६ ची शर्यत झाली आणि ती पुढे फॉर्म्युला वनचा विजेता झालेल्या तरुण आयर्टन सेनाने जिंकली. १९८६ ला बीएमडब्ल्यूने पहिली एम३ आणली, पुढे दोघी डीटीएम या जर्मन कार-शर्यत मालिकेत एकमेकींना घासत राहिल्या. १९९० आणि १९९१ ला ऑडीने तिथेच आपली भलीमोठी व्ही८ क्वाट्रो उतरवून दोन्ही विजेतेपदं नेली. तेव्हापासून प्रत्येक जण आपलंच उत्तर बरोबर म्हणतोय: एक तोल, एक स्फोट, एक चार चाकांची पकड. चाळीस वर्षांनी स्वभाव तेच आहेत, फक्त वर स्क्रीन चिकटलेत.

स्क्रीन. तिघांनाही शिक्षा व्हायला हवी. बीएमडब्ल्यूने २०२२ च्या बदलात एसीची बटणं काढली. गोल फिरवायचं आयड्राइव्हचं चाक ठेवलं म्हणून थोडी सूट. मर्सिडीजच्या स्टीअरिंगवरची बटणं बोट घासून चालवायची, आणि माझं बोट वळणात कुठे घासेल याचा काय भरवसा? त्याच स्टीअरिंगखालच्या दोन गोल खुंट्या मात्र उत्तम, मोड बदलायला नजर हलवावी लागत नाही. ऑडीत काचेच्या खाली एक दिव्यांची पट्टी आहे, ती इंडिकेटर दिला की त्या बाजूला पळते. नवऱ्याला ती फार आवडली. मला अजून कारण कळलेलं नाही. नावांचा घोळ तर वेगळाच: ऑडीने ए४ ला ए५ केलं, सम आकडे विजेच्या गाड्यांना राखायचे म्हणून, आणि मग तो नियमच मागे घेतला.

मागच्या सीटचा निकाल नवऱ्याने दिला, कारण तो सहा फुटी आहे. एस५ मध्ये गुडघे मोकळे, आणि सेडान म्हणत असले तरी डिक्की मागच्या काचेसकट वर उघडते, मोठं सामान सहज आत जातं. सी४३ मध्ये ठीक. एम३४०आयमध्ये बसतो, पण मध्ये तिसऱ्या माणसाला बसवायचं असेल तर तो माणूस नावडता असावा. मधला बोगदा तिन्हींत उंच आहे.

त्याचा कौल ऑडीला. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला, पावसात, चार माणसं आणि सामान घेऊन जायचं तर मीही तिच्याच किल्लीला हात घालेन. सी४३ त्याला द्या ज्याला रविवारी पहाटे एकट्याने निघायचंय आणि सोमवारची रांग ज्याच्या नशिबात नाही. मी मात्र एम३४०आयवर बोट ठेवलंय. घरात चर्चा अजून सुरू आहे, माझ्या बाजूला एक मत आणि एक आलेख आहे.

तुम्ही बघायला जाणार असाल तर दोन गोष्टी विचाराच. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला कुठले डॅम्पर आणि किती इंचांची चाकं आहेत, आणि तुम्हाला मिळणाऱ्या गाडीला तीच असतील का. एकोणीस इंची रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या) टायरवर आणि अठरा इंची साध्या टायरवर हीच एम३४०आय दोन वेगळ्या गाड्यांसारखी चालते. साधे टायर घेतले तर पंक्चरची सोय काय, तेही तिथेच डिक्की उघडून बघून घ्या.