आठ महिने ‘ओशन’सोबत: इस्त्री मोडतच नाही, तीच अडचण

पारेख अँड सिंग या जोडीचा ‘ओशन’ हा अल्बम मी गणपतीच्या सुमारास पहिल्यांदा लावला. आता मे उजाडलाय. ठाणे-वाशी लोकलमध्ये तो किती वेळा ऐकला याचा हिशेब नाही. पहिल्या आठवड्यात डोळे मिटून 5 स्टार दिले असते, आज त्यातले दीड काढून घेतोय.

जोडी कोलकात्याची, गाणी इंग्रजी. गातो आणि गिटार वाजवतो निश्चय पारेख, ड्रम्स जीवराज सिंगचे. अल्बम आधी 2013मध्ये एकट्या निश्चयच्या नावाने आला होता, मग 2016मध्ये पीसफ्रॉग या ब्रिटिश लेबलने तो जोडीच्या नावाने काढला. व्हिडिओतले त्यांचे फिक्या रंगांचे सूट आणि फूटपट्टीने आखलेल्या फ्रेम बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. गाणीही तशीच, कडक इस्त्रीची.

सुरुवातीला हेच आवडलं. ठाण्याला 10 नंबरवर धक्के खाऊन गाडीत शिरावं आणि कानात कुणीतरी हळू आवाजात गावं! पण दिवाळीनंतर लक्षात आलं, ऐरोली गेलं, रबाळे गेलं, मधे 2 गाणी संपली आणि मला पत्ताच नाही. ‘आय लव्ह यू बेबी, आय लव्ह यू डॉल’ची चाल तोंडात बसते, पण हा माणूस नक्की कशाने कासावीस झालाय ते इतक्या वेळा ऐकूनही कळत नाही. दुखतंय म्हणतो आणि केसही विस्कटत नाही. भाचा म्हणाला, “मामा, हे शॅम्पूच्या जाहिरातीला लावलं तर कुणी ओळखणार नाही.” तेव्हा राग आला होता. आता थोडं पटतं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. जीवराजचे ड्रम्स. आई-वडील दोघंही कोलकात्याच्या ‘स्किनी अ‍ॅली’ बँडमधले, म्हणजे ताल घरातलाच. हा मुलगा कुठेही मिरवत नाही. गाणं गुळगुळीत चाललेलं असताना खाली बारीक काहीतरी सरकवतो, ठोका किंचित बाजूला ठेवतो. लोकलच्या खडखडाटात यातलं काही म्हणजे काही पोचत नाही. मधे लाईट गेले होते, पंखा बंद, सोसायटी चिडीचूप, तेव्हा ‘घोस्ट’ लावलं आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. खरी अस्वस्थता शब्दांत नाही, तिथे आहे. गाणाऱ्याने ती वर येऊ दिली असती तर स्टार काढावे लागले नसते.

फोन भरला तेव्हा अल्बम उडवला, 3 गाणी ठेवली. ‘घोस्ट’ त्यात आहे. ते पंखा बंद करून ऐकायचं गाणं आहे, आणि ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद कोण करणार? जूनमध्ये बघू.